शुभदाकाकूचं गॅरेज आणि मिस कॉरिनच्या भुवया

अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं साठतं. जुने टायर, नाताळचे दिवे, एकदाच वापरलेली ट्रेडमिल आणि किस्से! टायर कधीतरी कोणीतरी फेकून देतं. किस्से फेकलेले मी अजून पाहिले नाहीत. टेक्सासमधल्या शुगर लँडहून ओहायोतल्या डब्लिनला नोकरीसाठी आले, तेव्हा दोन बॅगा आणि हे किस्से एवढंच सामान माझ्याकडे होतं. आता इथे चार मैत्रिणी जमल्या, चहा उकळायला लागला, की कोणीतरी म्हणतंच, "ए, ते गॅरेजमधल्या हिरॉइनचं सांग ना, यार!"

तर सांगते. आधी माणसं सांगते, म्हणजे मध्ये मध्ये थांबायला नको.

एम.एस. करताना मी अडीच वर्षं शुभदाकाकूच्या घरी राहिले. ती माझी नक्की कोण लागते हे सांगायला कागद-पेन लागेल, म्हणून नुसती काकू. माहेर सांगलीचं, वय अठ्ठावन्न. दोन्ही मुलगे नोकरीसाठी लांब गेल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की आपण आता ब्यूटिशियन होणार. सरकारी लायसन्स घेणार आणि दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावणार. सुभाषकाकांना वाटलं, आठवड्याभरात उतरेल. उतरलं नाही. काकूने शाळेत नाव घातलं, वह्यांना कव्हरं घातली आणि सरावासाठी घराचं गॅरेज रिकामं केलं. त्यात एक मागे कलणारी खुर्ची, एक मोठा आरसा आणि एक एसी. तो एसी लावला की बोललेलं ऐकू यायचं नाही आणि नाही लावला की मेकअप वितळायचा.

लायसन्स हातात नाही तोवर कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा काकूचा नियम. त्यामुळे भुवया करून घेणाऱ्या बायका जाताना डबा ठेवून जायच्या. दोन वर्षं आमच्या घरी कोणाकोणाचे ढोकळे येत होते!

काका तेलकंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे नागपूरचे. कमी बोलणारे.

आणि मिस कॉरिन. एकोणीसशे चाळीसच्या दशकात हॉलिवूडमध्ये हिरॉइन होत्या, म्हातारपणी भाचीजवळ राहायला शुगर लँडला आल्या. आडनाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या आमच्या गॅरेजमध्ये कशा आल्या, तो पहिला किस्सा.

*

आमच्या कॉलनीत एक तळं होतं. ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातलासुद्धा तिथे हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर पडायची. काकू पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घालून तळ्याला तीन फेऱ्या मारायची आणि मलाही ओढून न्यायची.

एका बाकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. एवढ्या उकाड्यात पांढरे हातमोजे, डोक्याला रेशमी स्कार्फ, ओठांना गडद लाल लिपस्टिक. काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. मी म्हटलं, वा! काय थाट आहे!

काकू थांबली. तिने दोन पावलं मागे जाऊन नीट पाहिलं. तिचं हे बघणं मला माहीत होतं.

"मॅडम," काकू इंग्रजीत म्हणाली, "तुमची डावी भुवई वर गेलीय."

मला तळ्यात उडी मारावीशी वाटली. मी तिचा हात ओढला. "काकू! अनोळखी बाईला असं बोलतात का? सॉरी म्हण आधी!"

"सॉरी कशाला? गेलीय ना वर?"

त्या बाईंनी पर्समधून आरसा काढला. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "किती?"

"अर्धा इंच."

"माझा हात मार्चपासून थरथरतो," त्या म्हणाल्या. "पाच महिने झाले. भाची रोज भेटते. डॉक्टर भेटतात. चर्चमधल्या बायका भेटतात. सगळ्या म्हणतात, कॉरिन, किती छान दिसतेस!"

"खोटं बोलतात," काकू म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसलीसुद्धा. पर्समधली भुवयांची पेन्सिल मागितली, ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवलं.

"पुसायचं नाही," मिस कॉरिन म्हणाल्या. "स्टुडिओच्या मेकअपखोलीबाहेर मला मेकअपशिवाय साठ वर्षांत कोणी पाहिलेलं नाही. माझ्या दोन्ही नवऱ्यांनीसुद्धा नाही."

पुसायचं नाही, मग करायचं काय? काकूने रेघ जाड करत उजवी भुवई अर्धा इंच वर नेली. त्या संध्याकाळी मिस कॉरिन, सगळ्या जगाचं आश्चर्य वाटल्यासारखा चेहरा घेऊन घरी गेल्या. काकूने पत्ता दिला होताच. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बरोबर चार वाजता गॅरेजच्या दारात हजर! आणि मग दर गुरुवारी.

घरी येताना मी काकूला अर्धा तास मॅनर्स शिकवले होते. ते सगळे मी परत घेते.

*

भुवया मिस कॉरिन पुसू देत नसत. पण हनुवटीवर तीन केस होते आणि ते काढायला त्या तयार झाल्या. काकूने दोरा घेतला, बोटांत गुंडाळला आणि म्हणाली, "आता कातडी ताणून धरा."

"कोणी?"

"तुम्हीच."

मिस कॉरिनना वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकतंय. मी एसी बंद केला. "स्टुडिओत," त्या म्हणाल्या, "पहाटे चारला मी खुर्चीत बसले की चार बायका कामाला लागायच्या. एक हनुवटी धरायची, एक केस धरायची, एक कॉफी धरायची. चौथी नुसती सांगायची, कॉरिन, हसू नकोस. आणि इथे माझा चेहरा मीच धरायचा?"

"इथे मी एकटी आहे," काकू म्हणाली. "ही आहे, पण हिला अभ्यास आहे."

मिस कॉरिननी हातमोजे काढले आणि स्वतःची हनुवटी स्वतः धरली. काकूने दोरा फिरवला.

अशी किंकाळी मी आयुष्यात ऐकली नाही! स्वयंपाकघरातून काका आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत आले.

मिस कॉरिननी डोळे टिपले. स्कार्फ सारखा केला. मग म्हणाल्या, "पडद्यावर एकदा मला सिंहाने खाल्लं होतं. तो बरा होता!"

*

भुवयांची गोष्ट अशी. पहिल्या सिनेमाच्या वेळी स्टुडिओने त्यांच्या भुवया सफाचट भादरल्या, कारण तेव्हा बारीक रेघेची फॅशन होती. फॅशन गेली. भुवया परत आल्याच नाहीत! तेव्हापासून रोज सकाळी पेन्सिल.

"एरंडेल लावा," काकू म्हणाली.

मला राहवलं नाही. "काकू, साठ वर्षांपूर्वी मेलेली मुळं एरंडेलाने जिवंत होत नसतात. काहीतरी सायन्स असतं की नाही?" एवढ्यावर न थांबता मी लायब्ररीतून केसांच्या मुळांवरचा एक लेख आणून टेबलावर आपटला.

काकूने लेख उलटसुलट करून पाहिला. "ज्याने लिहिलाय त्याचा फोटो आहे का? त्याच्या भुवया कशा आहेत ते बघू."

इंडियन ग्रोसरीतून एरंडेलाची बाटली आणली गेली. मिस कॉरिन रोज रात्री दार लावून लावायच्या. तीन महिने गेले. एका सकाळी सातला फोन वाजला. मी उचलला. पलीकडून हॅलोसुद्धा नाही, नुसतं, "शुबाला सांग, चार!"

"चार काय?"

"डावीकडे तीन, उजवीकडे एक!"

काकूने देवापुढे साखर ठेवली. काकांनी शिरा करायला सांगितला. ते चार केस आमच्यापैकी कोणीही पाहिले नव्हते आणि पाहायला मिळणारही नव्हते. तरी त्या दिवशी गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक बाईला शिरा मिळाला आणि प्रत्येकीने मिस कॉरिनचं अभिनंदन केलं.

मीसुद्धा दोन वाट्या खाल्ल्या. लेख गुपचूप परत केला.

*

आता काकांचा किस्सा. काकू मला आधीच म्हणाली होती, "ह्यांचं गुरुवारी काहीतरी बिनसतं बघ."

बिनसायचं असं, की एरवी बनियनवर वावरणारे काका गुरुवारी चारला इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हर शोधायला यायचे. तीन गुरुवार स्क्रू-ड्रायव्हर सापडला नाही. चौथ्या गुरुवारी काका टाय लावून आले!

"तीस वर्षांत माझ्यासाठी कधी टाय लावला नाही," काकू मराठीत म्हणाली. "लग्नात तेवढा होता, तोसुद्धा भावाचा!"

मग काकांनी कबूल केलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी फिजिक्सचं प्रॅक्टिकल बुडवून नागपूरला मॉर्निंग शोला त्यांनी एक सिनेमा पाहिला होता. मग आणखी चार प्रॅक्टिकल्स बुडवून आणखी चार वेळा तोच सिनेमा पाहिला. त्यात मिस कॉरिन होत्या.

मिस कॉरिन भलत्याच खूश झाल्या. "नागपूर!" असं त्या दोनदा म्हणाल्या. नागपूर कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण तिथे आपल्यासाठी कोणीतरी पाच वेळा नापास व्हायला तयार होतं, एवढं त्यांना पुरेसं होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण काका इंजिनिअर! मिस कॉरिन स्वतःचं वय अडुसष्ट सांगायच्या. काकांनी खिशातून पेन काढलं, टिश्यूवर आकडेमोड केली, पुन्हा तपासली आणि अतिशय आदराने म्हणाले, "मॅडम, हिशेबाने त्या सिनेमात तुम्ही अकरा वर्षांच्या येता."

काकूने कपाळावर हात मारला.

"आणि त्यात तुम्हाला दोन मुलं होती," काका म्हणाले.

मिस कॉरिन जराही हलल्या नाहीत. "आमच्या काळात," त्या म्हणाल्या, "स्टुडिओ मुलींकडून फार लवकर कामं करून घ्यायचे!"

*

त्यांचं रोजचं वेळापत्रक मी एकदा विचारून घेतलं होतं, टर उडवायला. उठल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं, वीस आकडे मोजेपर्यंत. झोपताना पाठीवरच झोपायचं आणि आठ्या पडू नयेत म्हणून दोन भुवयांच्या मध्ये कागदी टेप चिकटवायची. बाहेर पडताना हातमोजे, कारण चेहरा वय लपवतो आणि हात चहाडी करतात. रागवायला हरकत नाही, पण रागवताना कपाळ हलता कामा नये.

"रागवायचं आणि कपाळ हलवायचं नाही? मग राग आलाय हे कळणार कसं?" मी विचारलं.

"ज्याला कळायला हवं त्याला कळतं," त्या म्हणाल्या. "तुझं तर तीन घरं सोडून कळतं."

शेवटच्या सेमिस्टरला ओहायोच्या एका कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला युनिव्हर्सिटीत आली. ही नोकरी नाही मिळाली तर मला सामान बांधून परत जावं लागणार होतं. आदल्या रात्री झोप नाही. सकाळी आरशात पाहिलं तर डोळ्यांच्या जागी दोन वडे! मग मी काकूचं सगळ्यात मोठं पातेलं काढलं, फ्रीजरमधला सगळा बर्फ ओतला आणि तोंड बुडवलं. वीस मोजले. मग वाटलं, विसाने एवढा फायदा होतो तर साठाने तिप्पट होईल. साठ मोजले.

बाहेर आले तेव्हा मला चेहराच नव्हता! होता, पण लागत नव्हता. गाडीत काका विनोद सांगत होते, मी हसत होते आणि आरशात काहीच होत नव्हतं.

मुलाखतीत तिघांपैकी एकाने मुद्दाम मला चिडवायला सुरुवात केली. माझा प्रोजेक्ट म्हणजे वेळेचा अपव्यय आहे म्हणाला. एरवी मी टेबलावर चढले असते. आतून चढलेच होते! पण कपाळ हलेना, भुवई उचलेना, ओठ उघडायलाही वेळ लागायला लागला. त्यामुळे प्रत्येक उत्तराआधी मी विचार करत्येय असं त्यांना वाटलं.

नोकरी मिळाली. नंतर त्याच माणसाने सांगितलं, "इतकी शांत मुलगी आम्ही त्या वर्षी पाहिली नव्हती." हे ऐकून माझी आई फोनवर एवढी हसली, की कॉलिंग कार्डाची मिनिटं संपली.

मिस कॉरिनना सांगायला गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्या गालांवर क्रीम चोळलं. मग म्हणाल्या, "मी वीस सांगितले होते. साठ मोजणारी मुलगी हुशार नसते. नशीबवान असते!"

*

आता जो किस्सा आहे, तो मी इतकी वर्षं गाळूनच सांगायचे. पण तो गाळला तर शेवटचा कळत नाही.

लायसन्सची लेखी परीक्षा काकू पहिल्या झटक्यात पास झाली. प्रात्यक्षिक ऑस्टिनला. तिथे आपलं मॉडेल आपणच न्यायचं, त्याच्या चेहऱ्यावर मेकअपचा कणही नको आणि परीक्षा सुरू झाली की मॉडेलने एक शब्द बोलायचा नाही. मॉडेल मी. घरातलीच मुलगी, दुसरं कोण जाणार?

मी खुर्चीत आडवी. काकूने माझ्या केसांना टॉवेल गुंडाळला, तो धरून ठेवायला पिन घेतली आणि ती पिन दातांत धरली. काकूने चाळीस वर्षं साड्या नेसल्या आणि नेसवल्या. तिच्या दृष्टीने पिनेची जागा तीच. आणि शाळेत तिला शंभर वेळा बजावलं होतं, की तोंडात काहीही धरायचं नाही, स्वच्छतेचे मार्क जातात.

मी तिला दोन महिने हेच सांगत होते. घरी तर ओरडायचेसुद्धा. आणि तिथे, आडवी पडल्या पडल्या, माझ्या तोंडातून निघून गेलं, "काकू, पिन! किती वेळा सांगायचं!"

अख्खा हॉल वळून बघायला लागला. परीक्षक आल्या. पिनेचे दोन मार्क गेले असते, त्या म्हणाल्या. मॉडेल बोलल्यामुळे परीक्षाच गेली.

परतीचा रस्ता तीन तासांचा. काकू गाडी चालवत होती. मी खिडकीबाहेर बघत होते. टेक्सासमध्ये खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं. मला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

दीड तासाने ती बोलली. "पुढच्या एक्झिटला थांबू या का? तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

*

दुसऱ्यांदा परीक्षा द्यायला सहा आठवडे होते. या वेळी नापास झाली असती तर शाळेचे सगळे तास पुन्हा भरायचे. म्हणजे वय साठ. काकू म्हणाली, "तसं झालं तर मग राहू दे. पाटीशिवाय काही अडत नाही." ती असं म्हणाली की समजायचं, फार अडतं.

मॉडेल शोधायला लागलो. आमच्या महाराष्ट्र मंडळात दोन तास गप्प राहील अशी बाई! तुम्हीच विचार करा. काकांनी स्वतःचं नाव सुचवलं. काका गप्प राहतात खरे, पण आडवे झाले की घोरतात.

"मी येते," खुर्चीतून मिस कॉरिन म्हणाल्या. "पडद्यावर मी सात वेळा मेलेय. मला पडून राहता येतं."

आम्ही तिघं आनंदाने ओरडलो. मग मलाच आठवलं आणि मलाच सांगावं लागलं, की चेहऱ्यावर मेकअप चालत नाही.

मिस कॉरिननी हातमोजे घातले. "नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन गुरुवार आल्या नाहीत. मी घरात पाय आपटत फिरत होते. म्हटलं, "मी जाऊन बोलते. एका माणसाच्या दोन वर्षांच्या मेहनतीपुढे एक भुवई एवढी मोठी आहे का? या वयातही कसला एवढा..."

"तू गप्प बस," काकू म्हणाली. "एकदा बोललीस तेवढं पुरे."

एवढंच. ते एक वाक्य सोडलं तर तिने मला त्या दिवसाबद्दल कधी बोल लावला नाही, आजपर्यंत.

तिसऱ्या गुरुवारी चार वाजता मिस कॉरिन दारात उभ्या. आत आल्या नाहीत. तिथूनच विचारलं, "शुबा, त्या लायसन्सवर नाव कोणाचं असतं?"

"माझं," काकू म्हणाली.

"पूर्ण नाव?"

"पूर्ण. फ्रेम करून भिंतीवर लावावं लागतं, नियम आहे."

मिस कॉरिन खुर्चीत येऊन बसल्या. "स्टुडिओत पर्ल नावाची बाई होती. चौदा वर्षं रोज पहाटे तिने माझा चेहरा केला. पडद्यावर नाव यायचं तिच्या साहेबाचं. तो साहेब मी दोनदा पाहिला असेल. मी कधी कोणाला काही म्हटलं नाही. मला वाटायचं, मी बोलले तर माझंच नाव जाईल."

 काकूने एसी बंद केला.

"किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

*

ऑस्टिनपर्यंत त्या पूर्ण मेकअपमध्ये आल्या. पुढे काकांच्या शेजारी बसल्या, स्कार्फ, हातमोजे, सगळं. काका टायमध्ये. मागे मी आणि काकू. तीन तास कोणी रेडिओसुद्धा लावला नाही.

तिथे पोचल्यावर त्या बाथरूममध्ये गेल्या. पंधरा मिनिटं झाली. हॉलमध्ये नावं पुकारायला लागले. काकू दाराकडे बघत होती, मी घड्याळाकडे. मी दार ठोठावायला हात उचलला आणि जन्मात पहिल्यांदा खाली घेतला.

दार उघडलं.

काय सांगू? एका वयस्कर बाईचा चेहरा होता. माझ्या आजीचा असतो तसा, आंघोळ करून आल्यासारखा. मी काय बघायची तयारी केली होती कोण जाणे. पण त्या अशा चालत आल्या, की खुर्च्यांजवळ उभ्या असलेल्या मुली आपोआप बाजूला झाल्या. जाऊन आडव्या झाल्या आणि डोळे मिटले.

मला मागच्या भिंतीजवळ बसायला मिळालं.  काकूने आधी हळूच हात जोडले, देवाला की मिस कॉरिनना ते मला कळलं नाही, आणि कामाला लागली. टॉवेल, पिन हातातच, क्रीम, वाफ, मसाज. मी ओठ दातांखाली धरून बसले होते. शेवटची पायरी मेकअप. भुवया काकूने काढल्या, एकदम सरळ, दोन्ही सारख्या. गाल, ओठ, डोळे.

काम झालं. काकू दोन पावलं मागे सरकली. मिस कॉरिनकडे पाहिलं. इतकं मनासारखं झालं होतं, की तिचा चेहरा फुलला. आणि नवरीचा मेकअप संपला की जसा आपोआप जातो, तसा तिचा हात पुढे गेला आणि हातातल्या काळ्या पेन्सिलीने तिने मिस कॉरिनच्या डाव्या गालावर तीट लावली!

मी खुर्ची घट्ट धरली. काकूलाही त्याच क्षणी कळलं. पुसायला हात उचलला तर परीक्षक समोर. त्याच बाई, मागच्या वेळच्या. केस पांढरे, हातात मार्कांचा तक्ता.

त्या वाकल्या. कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या. मग तो ठिपका.

"हे काय?"

काकूचं तीस वर्षांचं इंग्रजी कुठच्या कुठे गेलं. "मॅडम... ते... सवय..." एवढंच, तेही अर्धं मराठीत.

मिस कॉरिनना बोलायची बंदी. मला तर होतीच. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाकल्या. 

"ब्यूटी मार्क!" त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या काळच्या हिरॉइन्स असा लावायच्या. आजकालच्या मुलींना हे माहीतच नाही. आणि जागासुद्धा अचूक!"

टिक करून पुढच्या खुर्चीकडे गेल्या. मिस कॉरिन आठव्यांदा मेल्यासारख्या निपचित पडून होत्या.

काकू पास झाली. कागद हातात आला तेव्हा काका पार्किंगमध्ये टायनेच डोळे पुसत होते. गाडीत बसल्यावर मी टिश्यू काढून पुढे दिला. "मिस कॉरिन, गालावरचं पुसून घ्या."

त्यांनी टिश्यू घेतला नाही. मागे वळल्या. "शुबा, ब्यूटी मार्क दुसऱ्या स्टुडिओच्या बायका लावायच्या. मी कधीच लावला नाही. तू का लावलास?"

काकू ओशाळली. "ते ब्यूटी मार्क नाही. आमच्याकडे फार सुंदर माणसाला दृष्ट लागते म्हणतात. ती लागू नये म्हणून एक काळा ठिपका लावायचा. चुकून लागला. द्या, पुसते मी."

मिस कॉरिननी समोरचा छोटा आरसा खाली ओढला. बराच वेळ बघत राहिल्या. काकांनी गाडी सुरू केलीच नाही.

मग त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि न वळता ती मागे काकूकडे धरली.

"एकाने काय होणार, शुबा?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गालावरही लाव!"